रविवारचा केक आणि रोजची कोशिंबीर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेपाच वर्षांचा, तुम्ही दोघंही नोकरी करता. स्वयंपाक करता करता मुलं गणित-विज्ञान शिकतात असं ऐकून गेले चार महिने तुम्ही दर रविवारी मुलीला स्वयंपाकघरात घेताय. कधी केक, कधी पिझ्झा, एकदा पास्ता. वीस मिनिटं ती रमते, मग निघून जाते आणि पसारा तुम्ही आवरता. सासूबाई म्हणतात, "त्यापेक्षा तिला अभ्यासाला बसव." आणि तुम्ही विचारलंय, की मुलं यातून खरंच काही शिकतात का, आणि शिकत असतील तर आमच्या घरी ते दिसत का नाही?

शिकतात, आणि भरपूर शिकतात. पण तुम्ही निवडलेल्या वाटेनं कमी शिकतात. त्यात तुमच्या मुलीचा काही दोष नाही.

मी 27 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीतली पाच-सहा मुलं माझ्या स्वयंपाकघरात असतात, सात ते बारा वयाची. माझी स्वतःची दोन मुलंही याच ओट्यापाशी वाढली. पुढचं सगळं या अनुभवातून सांगतेय. प्रत्येक घराला ते जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. कुठे अडेल तेही सांगते.

आधी केकचं बघू. मैदा तुम्ही मोजलात, साखर तुम्ही मोजलीत, ओव्हन तुम्ही लावलात. मुलीनं मिश्रण ढवळलं आणि वर चेरी ठेवली. म्हणजे विचार करायची सगळी कामं तुमच्याकडे राहिली आणि हात हलवायचं काम तिच्याकडे गेलं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. केक बिघडला तर पुढचा केक महिन्याभरानं. तोवर आपण मागच्या वेळी काय केलं होतं हे ती विसरलेली असते. चूक आणि ती सुधारायची संधी यांत महिन्याचं अंतर पडलं तर शिकणं होत नाही. पाढे आपण महिन्यातून एकदा म्हणून घेत नाही ना, तसंच हे.

तिसरं म्हणजे, केक झाला नाही तरी घरात कुणाचं काही अडत नाही. मुलांना हे फार लवकर कळतं. आपल्याला दिलेलं काम खरं आहे की आपल्याला गुंतवून ठेवायला दिलंय, हे सहा वर्षांचं मूलही ओळखतं. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला, त्यातून नई तालीम उभी राहिली. त्यात काम उपयोगाचं असावं हा आग्रह होता. माँटेसोरीबाईंनीही लहान मुलांच्या हातात खेळण्यातली भांडी न देता खरी, फुटणारी भांडी दिली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धत आपल्याकडे रुजवली. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ती आपल्या गावातल्या, पाड्यावरच्या मुलांच्या बेतानं बसवली. डी.एड.ला हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला कळला तो भाताच्या पातेल्यापाशी.

माझ्याकडे येणाऱ्या एका दहा वर्षांच्या मुलाला मी सलग सात शनिवार फक्त भात दिला. बाकीच्या मुलांच्या जेवणाचा भात तोच करणार. पहिल्या दिवशी एक वाटी कोलम, दोन वाट्या पाणी, भात बरा झाला. दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम नवी इंद्रायणी काढून ठेवली. त्यानं तेवढंच पाणी घातलं आणि गिच्च गोळा झाला. सगळ्यांनी तो मेतकूट-तुपाशी खाल्ला, पण त्याचं तोंड उतरलं. तिसऱ्या वेळी तांदूळ अर्धा तास भिजवले होते. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की "एकास दोन" हे प्रमाण खरं आहे, पण ते अमुक तांदळाला, अमुक भांड्यात, न भिजवलेल्या दाण्याला खरं आहे. नवा तांदूळ पाणी कमी मागतो, जुना जास्त. भिजवलेला आधीच थोडं पाणी पिऊन बसलेला असतो.

पाचव्या शनिवारी पाहुणे होते म्हणून त्याला तीन वाट्यांचा भात सांगितला. त्यानं तिप्पट करून सहा वाट्या पाणी घातलं, आणि भात आसट झाला. तो चिडला. "तिप्पटच तर घातलं होतं!" गणित बरोबर होतं, तरी उत्तर चुकलं होतं. मग आम्ही नुसतं पाणी घेतलं. एकाच पातेल्यात, एकाच आचेवर, आधी दोन वाट्या उकळी आल्यापासून दहा मिनिटं उकळलं आणि उरलेलं मोजलं. मग सहा वाट्यांचं तसंच केलं. दोन्ही वेळा उडालेलं पाणी जवळजवळ सारखंच निघालं. तो बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे वाफेला माहीतच नाही आत किती पाणी आहे." वाफ किती उडणार ते आच आणि वेळ यांवर ठरतं. म्हणून उघड्या पातेल्यात तांदूळ तिप्पट झाले तरी पाणी तिपटीपेक्षा थोडं कमी लागतं. कुकरमध्ये वाफ फारशी जातच नाही, तिथे हा फरक नगण्य. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो "हो" म्हणाला असता आणि विसरला असता.

सातव्या शनिवारी त्यानं पाणी मोजलं नाही. पातेल्यात ओतलं, बोटाचं पेर बुडवून बघितलं, थोडं काढून टाकलं. भात मोकळा झाला.

आपल्या घरात "अंदाजे घाल" म्हणतात ना, तो अंदाज असा तयार होतो. मुलांना तो जन्मापासून नसतो, आणि आपल्याला तो कसा आला हे आपण विसरलेलो असतो. म्हणून मूल "मीठ किती घालू?" विचारतं तेव्हा "अंदाजानं" हे उत्तर देऊ नका. "तुझ्या चिमटीत किती येतं ते या चमच्यात टाकून बघ" असं सांगा. चिमटी, मूठ, पेर, वाटी ही मापं मुलाच्या हातात बसली की गणिताच्या पुस्तकातले ग्रॅम आणि मिलिलिटर त्याला परके वाटत नाहीत.

मिठावरून आठवलं. मुलांना मी एक गंमत करायला सांगते. घरात मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची, आणि संपली की दुसरी तारीख. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चार माणसांच्या घरात दिवसाचे 20 ग्रॅम धरले तर पिशवी 50 दिवस तरी पुरायला हवी. एका मुलीच्या घरी ती 30 दिवसांत संपली. तिनं भागाकार केला, माणशी आठ ग्रॅमच्या वर गेलं. मग तिनंच विचारलं, "पण लोणचं घातलं ते यात धरायचं का? आणि फरशी पुसायला आजी मीठ घेते ते?" आकडा आला की लगेच विश्वास ठेवायचा नाही, तो कशाचा आहे हे आधी विचारायचं, एवढं तिला त्या दिवशी कळलं. चौथीच्या मुलीकडून मी याहून जास्त काय मागू?

विज्ञानाचंही असंच. ते पोळपाटावर आपोआप सापडतं, शिकवायला जाऊ नका. पोळीची कणीक मळून झाकून ठेवली की मऊ होते आणि लाटताना मागे ओढत नाही, कारण गव्हात ग्लुटेन असतं, त्याची रबरासारखी जाळी होते आणि ती थोड्या वेळानं सैलावते. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरीचं पीठ नुसत्या गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. गरम पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. मुलाला हे आधी सांगायचं नाही. एक गोळा गार पाण्याचा, एक गरम पाण्याचा, दोन्ही थापायला द्यायचे. फाटलेली भाकरी हातात आली की "का?" हा प्रश्न त्याच्याकडूनच येतो. तो आला तरच उत्तर द्यायचं. नाही आला तर भाकरी खायची आणि गप्प बसायचं. शिक्षक म्हणून मला हे गप्प बसणं शिकायला फार वर्षं लागली.

दह्याचं विरजण हा मुलांना फार आवडणारा प्रकार. उकळत्या दुधात विरजण घातलं तर जंतू मरतात आणि दही लागत नाही. डिसेंबरात गार दुधात घातलं तर ते आळसावतात आणि सकाळी दूध दूधच राहतं. बोट बुडवून सोसेल इतपत कोमट असलं पाहिजे. आणि हळद! आमटीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. सातवी-आठवीत आम्ल आणि आम्लारी आले की ही मुलं म्हणतात, "हे तर आपल्या टॉवेलवर झालं होतं."

एका गोष्टीकडे पालकांचं लक्षच जात नाही, ती म्हणजे भाषा. भाजणं, शेकणं, परतणं, तळणं, उकडणं, वाफवणं, आटवणं, मुरवणं. यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळी कृती आहे आणि नुसतं सांगून फरक कळत नाही. भजीचं पीठ सरसरीत हवं, थालीपिठाचं सैलसर, चकलीचं घट्ट. कूट जाडसर की बारीक. खमंग कुठे संपतं, खरपूस कुठे सुरू होतं आणि करपट कधी होतं. माझ्याकडे इंग्रजी माध्यमातली एक मुलगी आली तेव्हा ती सगळ्यालाच "कुक करणं" म्हणायची. दोन वर्षांनी ती मला म्हणाली, "आज रवा नीट भाजला गेला नाही, नुसता गरम झालाय." हे वाक्य बोलायला जीभ मराठी लागते आणि नाकही तयार लागतं. माझ्या बहिणीची नातवंडं परदेशात वाढताहेत. त्यांचं मराठी बाकी पातळ झालंय, पण ओट्यापाशी जे शब्द ऐकले ते टिकून आहेत.

आता जरा थांबून सांगते. तुमचं काय अडतंय ते इतकंच, की मुलीला काम मिळतंय ते कधीमधी आणि अर्धवट. तिला एक लहान, रोजचा, संपूर्ण पदार्थ द्या आणि तोच पुन्हा पुन्हा करू द्या. बाकी सगळं त्यातून निघतं.

आता जिथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे ते. वय हा पहिला मुद्दा, पण नुसतं वय बघून चालत नाही. मी नऊ वर्षांच्या काही मुलांना सुरी देते आणि अकरा वर्षांच्या काहींना देत नाही. हाताची स्थिरता, आणि "थांब" म्हटल्यावर मूल थांबतं का, या दोन गोष्टी मी बघते. विळी मुलांना देत नाही. लहान सुरी, खाली सपाट पाट, धरलेल्या हाताची बोटं आत वळवलेली. गॅसपाशी दहाच्या आत एकट्यानं कधीही नाही. तळण, पाक आणि कुकर यांना माझ्याकडे बाराच्या आतलं कुणीच हात लावत नाही. तुमचा ओटा अरुंद असेल, दोन माणसं उभी राहिली की कोपर लागत असेल, तर मुलांना खाली चटई टाकून बसवा. निवडणं, सोलणं, कुटणं, मळणं ही कामं आपल्याकडे पूर्वीपासून जमिनीवर बसूनच होत आली आहेत आणि मुलांना ती तशीच जमतात.

माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, ती सांगते. मोदक उकडत होते. आठ वर्षांच्या एका मुलीनं झालेत का बघायला झाकण स्वतःकडे उचललं आणि वाफ मनगटावर आली. मी त्या वेळी फोनवर होते. हात लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला, घड्याळ लावून 20 मिनिटं, आणि मग डॉक्टरांकडे नेलं. फोड लहानच आला, पण तिच्या आईसमोर उभं राहताना मला काय वाटलं ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून मुलं आत असताना माझा फोन बाहेरच्या खोलीत असतो. झाकण पलीकडच्या बाजूनं उचलायचं हे पहिल्या दिवशी थंड भांड्यावर शिकवते. कपडे सुती, केस बांधलेले, कढईचा दांडा आत वळवलेला. भाजल्यावर बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काहीही लावायचं नाही, फक्त नळाचं पाणी. तुमच्या सासूबाईंच्या मनात अभ्यासाबरोबर ही भीतीही असेल तर ती खरी आहे. त्यांना हे नियम सांगा, आणि जमलं तर त्यांनाच शेजारी बसवा. भाकरी थापायला माझ्यापेक्षा त्या चांगलं शिकवतील.

यानं गणिताचे मार्क वाढतील का? थेट नाही. पाव वाटी आणि अर्धी वाटी मिळून पाऊण वाटी होते हे ज्या मुलाला ओट्यावर कळतं, तेच मूल वहीत एक छेद चार अधिक एक छेद दोन याचं उत्तर दोन छेद सहा लिहितं. हे मी शाळेत कितीदा पाहिलंय. हाताला कळलेलं कागदावर आपोआप उतरत नाही. दोन्हींत पूल बांधावा लागतो, पण तो स्वयंपाक चालू असताना नाही. हातात पीठ असताना "सांग बरं, पावाची दुप्पट किती?" विचारलं की मूल ओळखतं, आपल्याला फसवून अभ्यासाला बसवलंय. संध्याकाळी वही उघडल्यावर हळूच म्हणा, "सकाळी वाट्या कशा भरल्या होत्यास?" तेवढं पुरतं.

स्वतः केलेलं मूल खातं, असंही म्हणतात. ते अर्धं खरं आहे. माझ्याकडच्या मुलांनी कारल्याच्या काचऱ्या मन लावून केल्या आणि दोन-दोन खाऊन ताट सरकवलं. पण पुढच्या वेळी कारलं बघून पळाली नाहीत, त्यांनी ते चिरलं. अनोळखी चव जिभेवर बसायला तोच पदार्थ आठ-दहा वेळा समोर यावा लागतो. हातात येणं हीही एक ओळख धरा.

तुमच्या साडेपाच वर्षांच्या मुलाला मात्र या सगळ्यातून वगळू नका. पत्रात तुम्ही फक्त मुलीबद्दल लिहिलंय, आणि हे मला खटकलं. मटार सोलणं, शेंगा फोडणं, लसूण सोलणं, मेथीची पानं खुडणं, रवीनं ताक घुसळणं, ताटं-वाट्या मांडणं, सगळं त्याला जमतं. मटार सोलताना एका शेंगेत किती दाणे हे तो न सांगता मोजतो. आज ताईला स्वयंपाक आणि भावाला खेळ अशी वाटणी झाली, तर दहा वर्षांनी ती मोडायला फार जड जातं. माझा मुलगा एकटा शहरात राहायला गेला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यानं फोन करून विचारलं ते फक्त एवढंच, की इथल्या तुरीला पाणी जास्त लागतंय का.

आता तुमच्यासाठी. नोकरी असताना रोज जमणार नाही, म्हणून आठवड्यातले दोन दिवस धरा. समजा, मंगळवार आणि गुरुवार. रात्रीच्या जेवणाची कोशिंबीर मुलीची. किती काकड्या लागतील हे ती ठरवेल, चिरेल की कोचेल हे ती ठरवेल, कूट, दही, साखर, लिंबू तिचं. फोडणी तुम्ही द्या. ती जे करेल तेच सगळ्यांच्या पानात जाईल. अळणी झाली तरी तुम्ही उठून वरून मीठ घालायचं नाही. ज्याला हवं तो आपापलं घेईल, आणि ती ते बघेल. ओटा पुसणं आणि सालं ओल्या कचऱ्यात टाकणं हा त्याच कामाचा भाग आहे हे पहिल्या दिवशीच सांगा. पसाऱ्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. सुरुवातीला तुमचा वेळ दुप्पट जाईल. साधारण सहाव्या-सातव्या वेळेपासून तो वाचायला लागेल. दोन महिन्यांनी तिला विचारा, कोशिंबीरच ठेवायची की भात घ्यायचा. केकही राहू दे, वाढदिवसाला. त्यात मजा आहे आणि मजेला वेगळं कारण लागत नाही.

आणि एक. मीठ केव्हा घालायचं हे तिला आधी सांगू नका. पहिल्या दिवशी ती बहुतेक काकडी चिरल्या चिरल्या मीठ घालेल, आणि जेवायला बसेपर्यंत वाडग्यात पाणीच पाणी झालेलं असेल. मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढून घेतं. त्या पाण्यावरून तुमच्या घरात थोडं बोलणं होईल, सासूबाई काहीतरी म्हणतील, तुम्ही शांत राहा. गुरुवारी ती मिठाचा चमचा हातात घेऊन थांबते का, तेवढं बघा.